पाखराच्या पुढचं आभाळ

टाळकी जातीची ज्वारी दुधात आली की माझी मान आपोआप वर जाते. सवयच ती. आता आमच्या शिवारात ज्वारी राहिलीय कुठं म्हणा. जिकडं बघावं तिकडं हळद, नाहीतर सोयाबीन निघाल्यावर टाकलेला हरभरा. तरी लेकानं बांधाकडचा एक पट्टा हुरड्यासाठी राखलाय, अन् तेवढ्या पट्ट्याचा पत्ता भोरड्यांना कोण देतं देव जाणे. साळुंकीएवढं पाखरू, गुलाबी अंग, काळं डोकं, अन् एकटं कधी येत नाही. येतं ते आख्खं गाव घेऊन येतं. आधी एक सळसळ येते, चाळणीतून दाणे सांडावेत तशी, मग कणसांवरून सावली सरकते, अन् मग बघता बघता पट्टा काळा.

परवा माझी नात प्राची पुण्याहून आली ती गळ्यात कॅमेरा अडकवून. दुधीभोपळ्याएवढं त्याचं नळकांडं. दिवसभर पट्ट्याच्या कडेनं वाकून वाकून फिरली, अन् दिवेलागणीला बाजेवर येऊन बसली ती तोंड पाडून. तिच्या त्या पडद्यावर मी बघितलं, तर भोरड्या कुठल्या, नुसत्या काजळाच्या रेघा. मी सहज विचारलं, "शटर कितीवर ठेवलं होतंस?"

पोरगी माझ्याकडं अशी बघायला लागली, जशी अंगणातली तुळसच बोलली.

मग मी तिला सांगत बसले. ऊन पाठीवर घे. वारा कुठून येतोय ते बघ, कारण पाखरू उठतं ते वाऱ्याकडं तोंड करून उठतं. भोरड्यांच्या नादी एवढ्यात लागू नको, आधी घार धर, मग बगळा धर; मोठं अन् सावकाश उडणारं आधी. अन् कॅमेरा रिकामा घेऊन नुसता फिरवायची सवय कर. ती म्हणाली, "आजी, आता रिकामा काय अन् भरलेला काय, कितीही काढता येतात, नको ते पुसता येतात." ते खरंच आहे. पण माझ्या मनात तोवर एक जुना हिवाळा येऊन बसला होता, अन् त्या हिवाळ्यात आमच्याकडं एकच रीळ होतं.

निजामशाहीतली गोष्ट. तिकडं जर्मनीची लढाई चालू होती, इकडं रॉकेल मिळायची मारामार होती. माझे वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो, हिंगोलीत फोटोचं दुकान चालवायचे. शेतकऱ्याच्याच घरचा माणूस, पण औत धरण्यात मन नव्हतं म्हणून नांदेडला एका फोटोवाल्याच्या हाताखाली शिकून आलेले. दुकानात एक रंगवलेला पडदा होता, त्यावर जिना अन् फुलांची कुंडी. खुर्चीच्या पाठीमागं लोखंडी दांडा होता, त्याला वर चिमटा. माणसाची मान त्या चिमट्यात धरायची, म्हणजे हलायची सोय नाही. मग अण्णा काळ्या कापडात डोकं घालायचे अन् आतून आवाज यायचा, "हलू नका." नवरानवरी, पलटणीतले शिपाई, गावोगावचे पाटील, सगळ्यांना एकच मंत्र. लहानपणी मला वाटायचं, फोटोतली माणसं अण्णांना घाबरूनच अशी डोळे मोठे करून बसतात.

माझं लग्न ठरलं त्या वर्षी अण्णांचे डोळे जायला लागले. मोतीबिंदू नव्हे, आतली नस सुकत चालली होती, अन् तिला तेव्हा औषध नव्हतं. दूरचं आधी गेलं. झाडं गेली, मग माणसांचे चेहरे. कागद मात्र डोळ्याला चिकटवून धरला की दिसायचा. डॉक्टरनं सांगितलं होतं, हा हिवाळा निघेल, पुढचं काही सांगवत नाही.

लग्नात अण्णांनी मला घडीचा कॅमेरा दिला. झाकण उघडलं की पेटीच्या भात्यासारखं पुढं सरकणारा, आता कुणी ओळखणारही नाही. रुखवत बघायला आलेल्या बाया म्हणाल्या, बाजाची पेटी दिसतीय, सून गाणारी हाय वाटतं. सोबत एक रीळ, आठ फोटोंचं. लढाईमुळं दुसरं मिळायची आशा नव्हती. निघताना सगळे रडत होते, अन् अण्णा मला बाजूला घेऊन भलतंच बोलायला लागले.

"कौसे, साऱ्या जन्मात मी हलणारी चीज धरली न्हाई," ते म्हणाले. "दुकानात बसून कुठं धरणार? तू आता शिवारात चाललीस. तिथं हिवाळ्यात करकोचे येतात. आभाळातलं पाखरू मला आता दिसत न्हाई, पण कागदावर आणलंस तर डोळ्याजवळ धरून बघीन. उडतं पाखरू पाह्यजे बरं, बसलेलं न्हाई."

बस्स, एवढंच मागणं. बाप लेकीकडं काही मागत नसतो, अन् मागितलं ते हे.

सासर माझं डोंगरकडा गावाच्या अलीकडं, कयाधू नदीच्या काठाला. मी फोटोवाल्याची लेक खरी, पण मला येत काय होतं? मान चिमट्यात धरलेल्या माणसाचा फोटो. अण्णांनी दोन गोष्टी घोकून घेतल्या होत्या. एक शटर: त्यावर पंचवीस, पन्नास, शंभर असे आकडे, म्हणजे एका सेकंदाचे तेवढे तुकडे करायचे अन् त्यातल्या एका तुकड्यापुरतंच झाकण उघडायचं. पाखराला शंभरच पाह्यजे, त्याहून जोराचं आमच्या कॅमेऱ्यात नव्हतंच. दुसरं उजेडाचं भोक. मांजराचं बुबुळ उन्हात बारीक होतं अन् सावलीत मोठं, तसं ते लहानमोठं करायचं. शटर झटकन मिटणार, तर तेवढ्यात पुरेसा उजेड आत यायला भोक मोठं पाह्यजे. पण त्याचे आकडे उलटे. आकडा मोठा तर भोक बारीक. हे मी माझ्या सासूबाईंना समजावून सांगितलं, तर त्या ज्वारी निवडता निवडता म्हणाल्या, "असती काही घरं तशी. नाव मोठं अन् पळी बारीक."

सासूबाईंचं नाव गयाबाई, मी त्यांना आत्याबाई म्हणायची. काटक बाई, आवाज खणखणीत, अन् गोफण अशी की पंचक्रोशीत नाव. ज्वारी दुधात आली की आमच्याकडं राखणीला पुरुष बसत नसत, त्या बसत. चार मेढींवर फळ्या टाकून, वर कडबा पसरून केलेला माळा. तिथं पहाटेपासून त्या अन् नवी सून म्हणून मी. पानांवरचं दव अंगावर सांडायचं, बोटं थंडीनं वाकायची नाहीत, अन् पूर्वेला तांबडं फुटायच्या आत भोरड्यांची पहिली सळसळ यायची. आत्याबाई उठायच्या, अंबाडीची गोफण डोक्याभोवती भिरभिरायची, दगड सुटायचा, गोफणीच्या शेपटाचा कडाका उडायचा, अन् थवा हवेतच वळायचा. घडी उलटी घातलेल्या लुगड्यासारखा.

आमच्या घराची एक रीत होती. पाखराला दगड लागू द्यायचा नाही. राखणीला बसलेल्या बाईच्या हातून पाखरू मेलं तर त्या कणसाचा हुरडा कुणी खायचं नाही. दगड गेला पाहिजे तो थव्याच्या नाकासमोरून, म्हणजे थवा आपणहून वाट बदलतो. त्यासाठी आत्याबाईंनी मला पहिल्याच दिवशी शिकवलं, "पाखरू हाय तिथं नेम धरायचा न्हाई. जाणार हाय तिथं धरायचा." दगड तिथं पोचेस्तोवर पाखरूही तिथं आलेलं असतं. हे त्यांना आकड्यांनी येत नव्हतं, दंडानं येत होतं. घार असली तर थोडं पुढं, भोरडी असली तर खूप पुढं.

मी मात्र रीळ न भरता रिकामा कॅमेराच माळ्यावर न्यायची. उकिरड्यावरच्या घारी, मोटेच्या पाटावर टपलेले बगळे, जे येईल त्याच्यावर खटक, खटक. आत्याबाईंना आधी ते सुनेचं थेर वाटलं.

"रिकाम्या पेटीत काय धरून राहिलीस गं?"

"सवय करून राहिले, आत्याबाई."

"आमी बी अशीच सवय केलती," त्या म्हणाल्या, "रिकाम्या चुलीवर भाकरी थापायची. पोट काई भरलं न्हाई."

पण त्यांची मान वळायला लागली होती. एक दिवस म्हणाल्या, बघू दे. त्या कॅमेऱ्याला वरून बघायचा एवढासा आरसा होता. त्यात सगळं डावंउजवं होऊन दिसायचं. पाखरू उजवीकडं चाललं की आरशात ते डावीकडं पळायचं, अन् आपण बावचळून हात भलतीकडं फिरवायचो. आत्याबाईंनी वाकून आरशात बघितलं, मग आभाळात बघितलं, पुन्हा आरशात.

"अगं, हे उलटं उडून राहिलं. काही इसरलं काय घरी?"

मी हसून हसून कडब्यात लोळले. मग त्यांनीच कॅमेऱ्याच्या अंगाला घडी घातलेली तारेची चौकट शोधून काढली. ती उभी केली की डोळ्यासमोर सरळ आभाळ. आरशाची भानगडच नको. मी तोवर ती नुसती शोभेची समजत होते. प्राचीला मी म्हटलं, दोन्ही डोळे उघडे ठेव, एक चौकटीतून अन् एक बाहेर, म्हणजे पाखरू येताना आधी कळतं. हे माझं शिकणं त्या तारेच्या चौकटीचं.

करकोचे आले ते थंडीच्या ऐन भरात. सकाळी हरभऱ्यात चरायचे, ऊन चढलं की कयाधूच्या वाळूत जाऊन उभे राहायचे. राखाडी अंग, गळ्याखाली काळं, अन् ओरडणं असं की झोपेत ऐकलं तरी आपण कुठंतरी निघालोय असं वाटावं. मग मी एकदाचं रीळ भरलं. कॅमेऱ्याच्या पाठीला एक लाल काचेची खिडकी असते, त्यात आकडा सरकून येतो. एक आला अन् मी कॅमेरा पदराखाली घेतला.

नदीच्या काठाला आत्याबाई बरोबर आल्या. शटर शंभरवर, भोक मोठं, लांबीच्या काट्यावर शेवटची खूण, आडवा पडलेला आठ. म्हणजे जिथवर नजर जाते तिथवर. ऊन पाठीशी. सगळं अण्णांनी सांगितल्यासारखं. करकोचे उठले, आमच्यासमोरून आडवे चालले, अन् माझ्या कानात आत्याबाईंचा आवाज, "पुढं धर, पुढं!" मी धरलं. चौकट पाखरांच्या पुढं नेऊन, ती पोचतील तिथं थांबवून, खटका दाबला. पुन्हा फिरवलं, पुन्हा तसंच. एवढ्या दिवसांची गोफणीची सवय; हात आपोआप पुढंच जायचा. आणखी एकदा. मग आत्याबाई म्हणाल्या, "एक मला दे." मी दिला. त्यांनी पाय रोवले, डावा खांदा पुढं काढला, अन् करकोच्यांच्या बऱ्याच पुढं नेम धरून असा खटका दाबला की मला वाटलं, आतून दगडच सुटतो. चेहऱ्यावर समाधान बघावं. म्हणाल्या, "लागला बग."

अर्धं रीळ संपलं होतं. आम्ही वाळूत बसून भाकरी सोडली. पलीकडच्या काठाला एक बाई धुणं आपटत होती. लांब होती, लुगडं दगडावर पडलेलं दिसायचं, अन् धप् आवाज मागून यायचा. आत्याबाई घास हातात धरून तिकडंच बघत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, "कौसा, आवाज मागून काहून येतो?"

मी म्हटलं, लांबून यायला वेळ लागतो त्याला.

"अन् दिसायला?"

मी मांडीवरचा कॅमेरा उचलला. दिसायला वेळ लागत नाही हे मला येत होतं, फक्त ह्या पेटीशी मी ते कधी जोडलं नव्हतं.

"आवाजाला पाय हायेत," आत्याबाई सावकाश म्हणाल्या. "दगडाला हायेत. दिसण्याला न्हाईत. दिसलं की पोचलंच ते." त्यांनी घास खाली ठेवला. "मंग त्या पेटीला पाखराची वाट कशाला बघावी लागंल? आमी तर पुढचं आभाळच धरून राहिलो, पोरी."

झालं होतं ते असं. दगडाला वेळ लागतो म्हणून आम्ही पुढं फेकायला शिकलो, अन् उजेडालाही दगडच समजून बसलो. शहरातल्या कुणाकडून ही चूक झाली नसती. त्या बिचाऱ्यानं पाखराकडं बघून खटका दाबला असता. आम्ही मात्र सुगीभर तालीम करून, नेम साधून, बराबर रिकामं आभाळ टिपलं होतं.

त्याच आठवड्यात मालक, म्हणजे आमच्या घरचे, बैलासाठी पेंड आणायला हिंगोलीला जाऊन आले. जेवताना त्यांनी सांगितलं, अन् सांगताना हसले नाहीत. अण्णांच्या दुकानात एक नवरदेव फोटोला बसला होता. बसून बसून कंटाळला अन् पानाला म्हणून उठून गेला. अण्णा काळ्या कापडात गेले, अन् रिकाम्या खुर्चीला म्हणाले, हलू नका.

मी ताटावरून उठले. आत्याबाईंनी कुणाला काही बोलू दिलं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे माळ्यावर त्या गोफण हातातच घेईनात. भोरड्या आल्या, कणसांवर बसल्या, तरी बाई बसून. मग म्हणाल्या, "सांग तुझ्या पेटीला काय पाह्यजे."

आम्ही दोघी मग विचार करायला लागलो. पुढं नाही धरायचं, तर पाखरावरच धरायचं. पण पाखरू थांबत नाही, अन् शंभरावा तुकडा म्हटला तरी तेवढ्यात ते थोडं सरकतंच. मग पाखरासंगं आपणही सरकलो तर? मी उभी राहून एका घारीमागं चौकट फिरवायला लागले. आत्याबाई बघत होत्या. म्हणाल्या, हातानं फिरवू नको, धक्के बसतात. जात्यावर बसल्यासारखी कमरेतून फीर. कोपरं अंगाशी, पाय रोवलेले. मी तसं केलं अन् घार चौकटीत अशी बसली, जशी तारेला बांधली होती. पण खटका दाबला की माझा हात तिथंच थबकायचा, अन् घार पुढं निसटायची.

"गोफण सुटल्यावर हात थांबवते का कुणी?" त्या म्हणाल्या. "खांदा उतरंल. सुटलं ते सुटलं. हात आपल्या वाटेनं जाऊ द्यायचा."

तर गोफणीचं अर्धं शिक्षण आम्हाला बुडवायला निघालं होतं, अन् अर्ध्यानंच काठाला लावलं. नेम सोडायचा, पण हात ठेवायचा. मी रोज फिरायला लागले. घारीमागं, कावळ्यामागं, पाटाच्या बगळ्यामागं. दळताना फिरायची, पाणी शेंदून आल्यावर फिरायची. शेजारच्या बाया म्हणायच्या, गयाबाईच्या सुनेला वारं लागलं. आत्याबाई त्यांना सांगायच्या, वारं न्हाई, पाखरू लागलंय.

मध्ये आभाळ आलं. ढग म्हणजे उजेड कमी, अन् शंभरच्या शटरला ढग चालत नाही. काळं पाखरू पांढऱ्या आभाळावर नुसतं शाईच्या डागासारखं येतं; अंगावर ऊन पाहिजे. आम्ही दोघी रोज उठून आभाळाकडं बघायचो, ज्याला पाऊस पाहिजे तो बघतो त्याच्या उलट. ज्वारी पिवळी पडायला लागली. हुरड्याचे दिवस संपले. करकोच्यांचे थवे पातळ व्हायला लागले, अन् मला रात्री कानात त्यांचं ओरडणं यायचं. ते उत्तरेला निघाले की संपलं.

ढग फाटले तेव्हा सकाळचा वारा पूर्वेचा होता. आम्ही नदीवर गेलो. आत्याबाई लांबचा वळसा घालून वाळूच्या पलीकडं गेल्या, त्यांच्या हातात गोफण, पण दगड नाही. मी आडव्या बाजूला, ऊन पाठीशी घेऊन, पाय रोवून. त्यांनी रिकामी गोफण भिरभिरवली अन् शेपटाचा कडाका केला. करकोचे वाऱ्याकडं तोंड करून धावले, पाय वाळूवरून उचलले, अन् रांगेनं माझ्यासमोरून निघाले.

मी काय केलं ते मला नीट सांगता येणार नाही. एक करकोचा चौकटीत घेतला. त्याच्यासंगं फिरले. तो अन् मी सारख्याच चालीनं चाललोय, मधे फक्त हवा आहे, असं वाटलं. खटका कधी दाबला ते कळलं नाही. हात आपल्या वाटेनं जात राहिला, पार पाठीमागं मान वळेपर्यंत. लाल खिडकीत पुढचा आकडा आणून पुन्हा फिरले, असं तीनदा. मग चावी सैल फिरायला लागली. रीळ संपलं होतं. वाळूवर पायांचे ठसे, अन् आत्याबाई धापा टाकत येत होत्या, पदर खांद्यावरून गळालेला. त्यांनी माझ्या हातातला कॅमेरा वाकून बघितला. पण आत काय आलंय ते दिसायची सोय नव्हती. ही त्या कॅमेऱ्याची मोठी वाईट खोड. काय धरलं ते तो लपवून ठेवायचा.

बैलगाडीनं बाळापूर, तिथून मोटारीनं हिंगोली. रीळ मी पोटाशी धरलं होतं. अण्णांनी मला आवाजावरून ओळखलं अन् काळोखाच्या खोलीत घेऊन गेले. लाल कंदील लावू का विचारलं, तर म्हणाले, कशाला? रिळाची पट्टी दोन हातांत धरून, औषधाच्या ताटातून झोक्यासारखी खालीवर करत त्यांचे हात चालले होते. मी आंधळ्यासारखी भिंत धरून उभी, अन् ते मला सांगत होते, सरक, डावीकडं घडा आहे, पदर सांभाळ. "इथं मीच डोळस," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात मला कितीतरी दिवसांनी मजा ऐकू आली.

फोटो वाळले तेव्हा दुपारचं ऊन खिडकीत होतं. अण्णा खिडकीशी बसले. एकेक कागद उजव्या डोळ्याला लावायचे, इतका की पापण्या कागदाला लागायच्या. पहिला रिकामा. दुसरा रिकामा. तिसऱ्याच्या कडेला पंखाचं एक टोक. मी गोफणीची गोष्ट सांगितली, नुसती बोलत सुटले. त्यांनी चौथा कागद घेतला. तोही रिकामा, स्वच्छ, एकही ढग नाही.

"हा कुणी काढला?"

"आत्याबाईंनी."

अण्णा हसले. "तुझ्या सासूला सांग, तिचा नेम चुकला न्हाई. पाखराला उशीर झाला."

मग पुढचे कागद. एक हललेला, दोन कोपऱ्यात कापलेले. अन् मग एक कागद त्यांनी डोळ्याला लावला, अन् तो तिथंच राहिला. मी मागून वाकून बघितलं होतं आधीच. करकोच्याचं अंग रेखीव, डोळ्याचा ठिपकासुद्धा; मागची बाभळीची झाडं आडव्या रेघा होऊन वाहिलेली; अन् पंख मात्र धुरकट, दिसतातही अन् नाहीतही. मला वाटलं, पंख बिघडले म्हणतील. फोटोवाला माणूस, बोट हललं तरी फोटो उमटलेली काच फेकून द्यायचे.

त्यांनी कागद डोळ्यापासून काढला नाही. हळूहळू, डोळ्याला धरलेल्या त्या कागदासकट, ते मान फिरवायला लागले. डावीकडून उजवीकडं. जशी मी नदीवर फिरले होते, तशीच चाल, तसंच कमरेतून. कुणी सांगितलं होतं त्यांना?

"हललं," अण्णा म्हणाले. अगदी बारीक आवाजात. "कौसे, हललं गं."

प्राचीला हे सगळं सांगून झालं तेव्हा तिनं कॅमेऱ्यातले दिवसभराचे फोटो पुसायला घेतले होते. तिच्या शटरला दोन हजारावा तुकडा जमतो. आकडा बराबर ठेवला तर पंख असे थांबतात की पीस अन् पीस मोजून घ्यावं. मला ते बघायला फार आवडतं, खोटं कशाला बोलू. मी चष्मा पुसून पुसून बघते. पण त्यातलं एक नुसतं आभाळ निघालं तेव्हा मी म्हटलं, हे राहू दे. आत्याबाईंचं ते रिकामं आभाळ आमच्या भिंतीवर पुष्कळ वर्षं होतं, चौकटीत, देवांच्या तसबिरींशेजारी. पाहुणे विचारायचे, ह्यात काय आहे? त्या म्हणायच्या, "थांबा जरासं. पाखरू येऊन राहिलंय." काही पाहुणे खरंच थांबायचे.

पुढच्या हिवाळ्यात अण्णा आमच्याकडं आले. डोळे पुरते गेले होते. आत्याबाईंनी स्वतः शिडी धरून त्यांना माळ्यावर चढवलं. सोयऱ्याला माळ्यावर बसवत नसतात, पण त्यांनी बसवलं. ज्वारी दुधात होती. गोफण बाजूला पडली होती. बसलो आम्ही तिघं, कडबा अंगाला टोचत होता, अन् लांब हरभऱ्यातून करकोचे उठल्याचा आवाज आला.

"आले," आत्याबाई म्हणाल्या.

अण्णांनी तोंड वर केलं. थवा डावीकडून येऊन आमच्या डोक्यावरून चालला, पंखांची ती सुपं पाखडल्यासारखी धाप धाप, अन् अण्णांचा चेहरा त्याच्याबरोबर फिरायला लागला, घाई नाही, धक्का नाही, पाखरांच्या ना पुढं ना मागं. थवा नदीकडं गेला. मग आवाजही गेला. आत्याबाईंनी माझ्याकडं बघितलं अन् ओठावर बोट ठेवलं.

अण्णांची मान अजून फिरतच होती.